लाँजिट्यूड (दूरचित्रपट)

लाँजिट्यूड हा जानेवारी २००० मध्ये ब्रिटनमधील चॅनल फोर या वाहिनीवर प्रसारित झालेला दोन भागांचा इंग्लिश दूरचित्रपट आहे. समुद्रावर रेखांश ठरवता येईल असे अचूक घड्याळ तयार करणारा अठराव्या शतकातील इंग्लिश संशोधक जॉन हॅरिसन (१६९३-१७७६) याच्या जीवनावर तो आधारलेला आहे. अमेरिकी लेखिका डावा सोबेल यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या पुस्तकावरून चार्ल्स स्टरिज यांनी त्याची पटकथा लिहिली आणि दिग्दर्शनही केले. हॅरिसनची भूमिका मायकेल गॅम्बन यांनी, तर हॅरिसनच्या विस्मृतीत गेलेल्या यंत्रांना विसाव्या शतकात पुन्हा चालू करणारा नौदल अधिकारी रूपर्ट गूल्ड याची भूमिका जेरेमी आयर्न्स यांनी केली आहे.

हॅरिसनने घड्याळ कसे बनवले, एवढ्यापुरता हा चित्रपट मर्यादित नाही. यंत्र चालते हे त्याच्या कर्त्याला ठाऊक असणे आणि ते चालते हे इतरांनी मान्य करणे, या दोन गोष्टींमध्ये गेलेली जवळपास चार दशके हा त्याचा खरा विषय आहे.

पार्श्वभूमी : रेखांशाचा प्रश्न

खुल्या समुद्रावर जहाजाचे स्थान सांगण्यासाठी अक्षांश आणि रेखांश अशा दोन संख्या लागतात. अक्षांश काढणे तुलनेने सोपे होते. माध्यान्हीच्या सूर्याची किंवा रात्री ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की तो मिळत असे. रेखांशासाठी मात्र आकाशात असा स्थिर आधार नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश. त्यामुळे जहाजावरील स्थानिक वेळ आणि त्याच क्षणी मायदेशीच्या बंदरात असलेली वेळ, या दोहोंतील फरक कळला तर रेखांश सहज काढता येतो. स्थानिक वेळ सूर्यावरून समजते. अडचण होती ती बंदराची वेळ आठवडेच्या आठवडे बिनचूक जपून ठेवण्याची.

त्या काळातील उत्तम घड्याळे लंबकावर चालत. लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात लंबक निरुपयोगी ठरे. उष्णतेने धातूचे भाग लांबत आणि थंडीने आखडत. वंगणाचे तेल कधी पातळ होई, तर कधी घट्ट. एका दिवसात काही मिनिटांची चूक होणे ही सामान्य गोष्ट होती, आणि विषुववृत्ताजवळ चार मिनिटांची चूक म्हणजे सुमारे १११ किलोमीटरची चूक.

या अज्ञानाची किंमत खलाशी जिवाने मोजत. ऑक्टोबर १७०७ मध्ये ॲडमिरल सर क्लाउडस्ली शॉव्हेल यांचा ताफा इंग्लंडला परतत असताना सिली बेटांजवळच्या खडकांवर आदळला. चार युद्धनौका बुडाल्या आणि शॉव्हेल यांच्यासह हजाराहून अधिक माणसे मरण पावली. पुढे १७१४ साली राणी ॲनच्या कारकिर्दीत ब्रिटिश संसदेने रेखांश कायदा संमत केला. इंग्लंड ते वेस्ट इंडीज अशा प्रवासात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगणारी पद्धत शोधणाऱ्याला २०,००० पौंड, दोन तृतीयांश अंशाच्या आत सांगणाऱ्याला १५,००० पौंड आणि एका अंशाच्या आत सांगणाऱ्याला १०,००० पौंड, असे बक्षीस ठरले. निवाडा करण्यासाठी आरमारी अधिकारी, खगोलशास्त्रज्ञ, गणिताचे प्राध्यापक आणि संसद सदस्य यांचे एक मंडळ नेमण्यात आले. ते पुढे ‘रेखांश मंडळ’ म्हणून ओळखले गेले.

सर्वांत मोठ्या बक्षिसाची अट घड्याळाच्या भाषेत मांडली तर तिचे काठिण्य लक्षात येते. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात एकूण चूक दोन मिनिटांपेक्षा कमी हवी, म्हणजे दिवसाकाठी तीन सेकंदांहूनही कमी.

कथानक

चित्रपटात दोन काळ आलटून पालटून येतात. एक धागा अठराव्या शतकातील हॅरिसनचा आहे, तर दुसरा पहिल्या महायुद्धापासून पुढच्या काळातील गूल्डचा.

हॅरिसनचा धागा

यॉर्कशरमधील फाउल्बी येथे सुताराच्या घरी जन्मलेला आणि लिंकनशरमधील बॅरो या गावी वाढलेला जॉन हॅरिसन स्वतः सुतारकाम करत असे. घड्याळे बनवण्याची विद्या तो कोणा नामांकित कारागिराच्या हाताखाली शिकलेला नव्हता. विशीच्या आत त्याने जवळजवळ संपूर्ण लाकडाचे घड्याळ तयार केले. पुढे त्याने लिग्नम व्हिटी या तेलकट लाकडाचा वापर करून वंगणाची गरजच उरणार नाही अशी रचना केली, आणि पितळ व पोलादाच्या कांबी एकत्र जोडून तापमानामुळे लांबी न बदलणारा लंबक घडवला.

१७३० च्या सुमारास तो आपले आराखडे घेऊन लंडनला गेला. शाही खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी त्याला प्रसिद्ध घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम यांच्याकडे पाठवले. ग्रॅहम यांनी त्याला प्रोत्साहन दिले आणि कामासाठी पैसेही उसने दिले. १७३५ मध्ये हॅरिसनचा पहिला सागरी कालमापक पूर्ण झाला. १७३६ साली तो यंत्रासह ‘सेंच्युरियन’ जहाजाने लिस्बनला गेला. परतीच्या प्रवासात, ‘ऑर्फर्ड’ जहाजावर असताना, समोर दिसणारी भूमी अधिकाऱ्यांना वाटते ती नसून लिझर्डचे टोक आहे, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे खरे ठरले. जहाजाचा अंदाज सुमारे साठ मैलांनी चुकला होता.

रेखांश मंडळाने त्याला पुढील कामासाठी ५०० पौंड मंजूर केले. हॅरिसनला मात्र आपलेच यंत्र पुरेसे चांगले वाटत नव्हते. दुसरा कालमापक त्याने समुद्रचाचणीला दिलाच नाही आणि तिसऱ्यावर एकोणीस वर्षे घालवली. या काळात त्याचा मुलगा विल्यम मोठा होऊन वडिलांचा सहकारी आणि पुढे त्यांचा प्रतिनिधी झाला. बापलेकांचे हे नाते, त्यातील ओढ आणि ताण चित्रपटाच्या उत्तरार्धात महत्त्वाचे ठरतात.

चौथे यंत्र आधीच्या तिन्हींपेक्षा अगदी निराळे निघाले. ते सुमारे तेरा सेंटिमीटर व्यासाचे, हातात मावणारे घड्याळ होते. नोव्हेंबर १७६१ मध्ये विल्यम ते घेऊन ‘डेप्टफर्ड’ जहाजाने जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतर हिशेबाअंती घड्याळ केवळ ५.१ सेकंद मागे पडल्याचे दिसले. १७६४ साली बार्बाडोसच्या दुसऱ्या चाचणीत ४७ दिवसांत ३९.२ सेकंदांची चूक आढळली. अंतरात ती सुमारे दहा सागरी मैल भरते, म्हणजे अटीच्या एक तृतीयांश.

तरीही पूर्ण रक्कम मिळाली नाही. १७६५ मध्ये नवा कायदा होऊन हॅरिसनने घड्याळाची संपूर्ण रचना तज्ज्ञांसमोर उलगडून दाखवावी, त्याबद्दल अर्धी रक्कम मिळेल आणि उरलेली रक्कम अशीच आणखी घड्याळे बनवता आल्यावर मिळेल, असे ठरले. त्याच वर्षी शाही खगोलशास्त्रज्ञ झालेले नेव्हिल मॅस्केलिन यांच्या देखरेखीखाली घड्याळाची ग्रिनिच वेधशाळेत दहा महिने परीक्षा झाली आणि ते अविश्वासार्ह असल्याचा निष्कर्ष निघाला. अखेर हॅरिसन पितापुत्रांनी राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे दाद मागितली. १७७२ मध्ये राजाने पाचव्या घड्याळाची क्यू येथील आपल्या खासगी वेधशाळेत चाचणी घेतली, आणि १७७३ मध्ये संसदेने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले. तेव्हा त्याचे वय ऐंशी होते.

गूल्डचा धागा

रूपर्ट गूल्ड (१८९०-१९४८) हा ब्रिटिश आरमारातील अधिकारी. महायुद्धाच्या आरंभी त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि त्याला प्रत्यक्ष समुद्रसेवेऐवजी आरमाराच्या जलालेखन विभागात काम देण्यात आले. १९२० मध्ये त्याने ग्रिनिचला हॅरिसनचे कालमापक पाहिले. पितळेवर हिरवा गंज चढलेली ती यंत्रे बंद पडून होती. कोणताही मोबदला न घेता ती दुरुस्त करण्याची परवानगी त्याने मिळवली.

हे काम पुढे सुमारे तेरा वर्षे चालले. सर्वांत गुंतागुंतीच्या तिसऱ्या कालमापकाला सात वर्षे लागली. याच काळात गूल्डचा संसार मोडला आणि १९२७ साली पत्नी म्युरिएलपासून त्याची कायदेशीर विभक्ती झाली. मनाचे आजारपणही पुन्हा पुन्हा उलटत राहिले. यंत्रांचा एकेक भाग जागेवर बसत असताना ते बसवणाऱ्याचे आयुष्य विस्कटत जाते, हा विरोध चित्रपटात फार बोलून न दाखवता मांडला आहे.

प्रमुख भूमिका

मायकेल गॅम्बन – जॉन हॅरिसन
जेरेमी आयर्न्स – रूपर्ट गूल्ड
इयन हार्ट – विल्यम हॅरिसन
जेमा जोन्स – एलिझाबेथ हॅरिसन
ॲना चॅन्सलर – म्युरिएल गूल्ड
सॅम्युएल वेस्ट – नेव्हिल मॅस्केलिन
ब्रायन कॉक्स – लॉर्ड मॉर्टन
बिल नाई – लॉर्ड सँडविच
स्टीव्हन फ्राय – सर केनेल्म डिग्बी

निर्मिती

चित्रपटाची निर्मिती ब्रिटनमधील ग्रॅनाडा आणि अमेरिकेतील ए अँड ई वाहिनी यांनी केली. स्टरिज, आयर्न्स आणि संगीतकार जेफ्री बर्गन या तिघांनी यापूर्वी ग्रॅनाडाच्याच ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९८१) या गाजलेल्या मालिकेत एकत्र काम केले होते. लाँजिट्यूडचे संगीतही बर्गन यांचेच आहे.

सोबेल यांच्या पुस्तकात गूल्डची कथा शेवटच्या भागात थोडक्यात येते. स्टरिज यांनी तिला हॅरिसनच्या कथेच्या बरोबरीचे स्थान दिले, हा रूपांतरातील सर्वांत मोठा बदल होय. त्यामुळे यंत्राच्या रचनेचे स्पष्टीकरण देण्याची सोय झाली. हॅरिसन जे घडवतो, तेच गूल्ड पुढे उलगडून पाहतो, आणि प्रेक्षकाला यंत्राची आतली बाजू समजत जाते.

चित्रपटातील कालमापक

हॅरिसनची पाच यंत्रे आज एच-१ ते एच-५ या नावांनी ओळखली जातात. चित्रपट समजून घेण्यासाठी त्यांतील फरक माहीत असणे उपयुक्त ठरते.

एच-१ (१७३५) : सुमारे ३४ किलोग्रॅम वजनाचे यंत्र. लंबकाऐवजी त्यात एकमेकांना जोडलेले आणि परस्परविरुद्ध दिशांना झुलणारे दोन दांडे आहेत. जहाजाच्या हेलकाव्याने एका दांड्यावर होणारा परिणाम दुसऱ्यामुळे रद्द व्हावा, अशी ही कल्पना होती.

एच-२ (१७३९) : एच-१ ची अधिक भक्कम आवृत्ती. जहाज वळताना या दांड्यांच्या झोक्यावर परिणाम होतो, हा दोष हॅरिसनला याच यंत्रात उमगला आणि त्याने ते स्वतःच बाजूला ठेवले.

एच-३ (१७५९) : दांड्यांऐवजी वर्तुळाकार चाके वापरलेले यंत्र. तापमानाची भरपाई करण्यासाठी पितळ आणि पोलादाची एकत्र जोडलेली द्विधातू पट्टी आणि घर्षण कमी करण्यासाठी पिंजऱ्यात बसवलेली रोलर बेअरिंग, हे दोन शोध याच यंत्रासाठी लागले. दोन्ही कल्पना आजही वापरात आहेत. कालमापक म्हणून मात्र एच-३ ने हॅरिसनचे समाधान केले नाही.

एच-४ (१७५९) : १.४५ किलोग्रॅमचे मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे यंत्र. संथ आणि जड चाकाऐवजी जलद झुलणारे छोटे चाक बाहेरच्या धक्क्यांना अधिक चांगले तोंड देते, हे ध्यानात आल्यामुळे हॅरिसनने आपल्या आधीच्या पंचवीसएक वर्षांच्या मार्गाकडे पाठ फिरवली. हे धाडस चित्रपटातील निर्णायक वळण ठरते.

एच-५ (१७७०) : एच-४ ची साध्या सजावटीची आवृत्ती, राजाने चाचणी घेतली ते घड्याळ.

ऐतिहासिक तथ्य आणि नाट्यरूपांतर

घटनाक्रमाच्या बाबतीत चित्रपट बहुतांशी नोंदींना धरून आहे. काही ठिकाणी त्याने नाट्यासाठी मोकळीक घेतली आहे. ‘सहानुभूतीच्या भुकटी’चा प्रसंग हे त्याचे उदाहरण होय. जखमी कुत्रा जहाजावर न्यायचा आणि त्याच्या जखमेची पट्टी लंडनमध्ये ठरावीक वेळी भुकटीत बुडवायची. त्या क्षणी कुत्रा विव्हळेल आणि लंडनची वेळ कळेल, अशी ही विलक्षण योजना १६८७ साली छापल्या गेलेल्या एका निनावी पुस्तिकेत मांडलेली होती. भुकटीशी ज्याचे नाव जोडले जाते, तो सर केनेल्म डिग्बी १६६५ मध्येच मरण पावला होता. त्यामुळे हा प्रसंग हॅरिसनच्या चरित्राचा भाग म्हणून न घेता त्या प्रश्नावर सुचलेल्या तऱ्हेवाईक उपायांचा मासला म्हणून पाहणे योग्य ठरते.

अधिक महत्त्वाचा मुद्दा मॅस्केलिन यांच्या चित्रणाचा आहे. पुस्तकाप्रमाणेच चित्रपटातही ते हॅरिसनचे प्रतिस्पर्धी आणि मार्गातील अडसर म्हणून दिसतात. त्यामागे आधार आहे. मॅस्केलिन हे चांद्रपद्धतीचे पुरस्कर्ते होते. या पद्धतीत चंद्र आणि एखादा ठरावीक तारा यांमधील कोन मोजून, जर्मन खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायर यांच्या कोष्टकांच्या साहाय्याने वेळ काढली जाई. स्वतः एका पद्धतीचा पाठपुरावा करणारी व्यक्ती दुसऱ्या पद्धतीची परीक्षक व्हावी, हे हॅरिसनला अन्यायाचे वाटले. १७६६ मध्ये त्याची तीन मोठी यंत्रे मॅस्केलिन यांच्या देखरेखीखाली लंडनमधील घरातून ग्रिनिचला हलवली जात असताना पहिल्या यंत्राला इजा झाली, आणि कटुता वाढली.

मात्र विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी या चित्राची दुसरी बाजूही पुढे आणली आहे. रेखांश मंडळाचे आक्षेप केवळ आकसातून आलेले नव्हते. जमैकाच्या पहिल्या चाचणीत दोन खऱ्या उणिवा होत्या. एक, खुद्द जमैकाचा रेखांश तेव्हा पुरेशा अचूकतेने ठाऊक नव्हता; मग घड्याळाचे उत्तर कशाशी ताडून पाहायचे? दोन, घड्याळ रोज ठरावीक प्रमाणात मागे किंवा पुढे जाते, त्या दैनिक फरकाचा आकडा प्रवासाआधी अधिकृतपणे जाहीर केलेला नव्हता. तो नंतर हिशेबात धरला तर निकाल योगायोगाचा म्हणता येतो. बार्बाडोसला मॅस्केलिन यांना आधी पाठवून गुरूच्या उपग्रहांच्या वेधांवरून तेथील रेखांश निश्चित करण्यात आला, तो यापैकी पहिली उणीव दूर करण्यासाठीच.

त्याचप्रमाणे, एका अलौकिक कारागिराने आयुष्य वेचून बनवलेले एक घड्याळ म्हणजे आरमाराच्या शेकडो जहाजांसाठीची ‘पद्धत’ होते का, हाही प्रश्न होता. हॅरिसनच्या दृष्टीने कायद्याची अट पूर्ण झाली होती आणि नवे नियम खेळ संपल्यावर बदलले जात होते. मंडळाच्या दृष्टीने, जे दुसऱ्या कारागिराला बनवता येत नाही ते राष्ट्राच्या उपयोगाचे नव्हते. या प्रश्नाचे उत्तर लार्कम केंडल याने दिले. त्याने एच-४ ची हुबेहूब प्रतिकृती १७६९ मध्ये पूर्ण केली. जेम्स कुक यांनी ती आपल्या दुसऱ्या सागरसफरीवर (१७७२-१७७५) नेली आणि तिच्या अचूकतेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. हॅरिसनचे म्हणणे अशा रीतीने मंडळाने मागितलेल्या कसोटीवरच सिद्ध झाले.

चांद्रपद्धतीही निरर्थक नव्हती. १७६७ सालासाठीच्या पहिल्या ‘नॉटिकल अल्मनॅक’पासून मॅस्केलिन यांनी तयार कोष्टके उपलब्ध करून दिली आणि पूर्वी काही तास घेणारे गणित पुष्कळ कमी वेळात होऊ लागले. घड्याळे महाग असल्याने अनेक वर्षे खलाशी याच पद्धतीवर अवलंबून राहिले, आणि ज्यांच्याकडे घड्याळ होते तेही ते चंद्राच्या वेधांशी ताडून पाहत. पुढे जॉन अर्नल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनी रचना सोपी करून कालमापकांची किंमत खाली आणली, तेव्हा घड्याळ सर्वसामान्य जहाजांपर्यंत पोहोचले. १८३१ मध्ये निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर असे २२ कालमापक होते.

म्हणून चित्रपट पाहताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. हॅरिसनला वाटलेला अन्याय खरा होता, आणि त्याला विनाकारण दीर्घकाळ थांबावे लागले हेही खरे. पण त्याच्याकडून पुरावा मागणारे सगळे त्याचे शत्रू होते, असे यातून सिद्ध होत नाही.

पुरस्कार

२००१ सालच्या ब्रिटिश अकादमी दूरचित्रवाणी पुरस्कारांमध्ये (बाफ्टा) लाँजिट्यूडला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा, तर मायकेल गॅम्बन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

यंत्रांची सद्यस्थिती

एच-१ ते एच-४ ही यंत्रे लंडनमधील ग्रिनिच येथील शाही वेधशाळेत प्रदर्शित केलेली आहेत. पहिली तीन यंत्रे चालू अवस्थेत ठेवली जातात. एच-४ ला वंगणाची आवश्यकता असल्याने आणि सतत चालवल्यास त्याचे भाग झिजण्याचा धोका असल्याने ते बंद ठेवण्यात येते. एच-५ हे लंडनच्या घड्याळजी संघाच्या संग्रहात आहे. रेखांश मंडळ १८२८ मध्ये विसर्जित झाले. हॅरिसनला वेळोवेळी मिळालेल्या रकमांची बेरीज कमी नव्हती, परंतु १७१४ च्या कायद्यातील बक्षीस ‘बक्षीस’ म्हणून मंडळाने त्याला किंवा अन्य कोणालाही कधीच दिले नाही. पाहणाऱ्यांना ग्रिनिचमध्ये आज झुलताना दिसणारे एच-१ चे दांडे गूल्डने १९३३ मध्ये पुन्हा चालू केलेले आहेत.